कण्हेर : रस्त्याची शोभा, गोठ्याचे भय

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की नागपूर शहराचे रूप पालटते. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, घरोघरी कूलरची घरघर सुरू होते आणि मैदानांवरील गवताचा रंग मातीच्या रंगात मिसळून जातो. हौसेने आणलेली बागेतील नाजूक झाडे याच पंधरवड्यात माना टाकतात. अशा वेळी हमरस्त्याच्या दुभाजकावर, दोन्ही बाजूंनी तापलेल्या डांबराच्या मध्ये, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांचे गुच्छ घेऊन एक झुडूप निश्चिंतपणे उभे असते. ते कण्हेरीचे होय. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, कारण ती सर्वत्र आहे आणि तिची कोणाकडे काही मागणीही नाही. तथापि, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात किंवा गावाच्या मोकळ्या जागेत झाडे लावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांनी या झुडुपाची पुरती ओळख करून घेणे आवश्यक आहे. त्याचे गुण जेवढे मोठे, तेवढाच त्याचा दोषही मोठा आहे, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे.

नागपूरचे हवामान वनस्पतींची कठोर परीक्षा घेणारे आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तर २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. म्हणजे एकाच ठिकाणी राहणाऱ्या झाडाला चव्वेचाळीस अंशांहून अधिक फरक सोसावा लागतो. (मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविल्याने मोठी खळबळ उडाली होती, परंतु यंत्रातील संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. नागपूरकरांना मात्र तो आकडा फारसा अशक्य वाटला नव्हता.) पाऊस हजार ते बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने झाडाने स्वतःच्या हिकमतीवर काढावयाचे असतात.

मातीचीही एक अडचण आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भागात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, चिकण जमीन आढळते. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. या भेगांत कोवळ्या मुळ्या अक्षरशः तुटतात. संत्रा आणि कापूस यांना मानवणारी ही जमीन शोभेच्या झुडुपांना क्वचितच मानवते.

या परिस्थितीत कण्हेर तग धरते, एवढेच नव्हे तर ऐन उन्हाळ्यात तिला सर्वाधिक बहर येतो. असे का घडते, हे पाहण्यासारखे आहे.

पानातील रहस्य

कण्हेर ही मूळची भूमध्य समुद्राच्या परिसरापासून अरबस्तान, इराण, भारत ते चीनपर्यंतच्या विस्तृत पट्ट्यातील वनस्पती. या प्रदेशात ती निसर्गतः कोठे वाढते, हे लक्षात घेतले तर तिच्या स्वभावाचा उलगडा होतो. ती वाढते ती ओढ्यांच्या आणि हंगामी नद्यांच्या खडकाळ पात्रात. तेथे चार दिवस पूर येतो आणि नंतर कित्येक महिने पात्र कोरडे ठणठणीत पडते. पुरात बुडणे आणि नंतर होरपळणे या दोन्ही गोष्टी तिच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ मध्ये तिला ‘नेरिअम ओलिअँडर’ हे शास्त्रीय नाव दिले. भारतातील सुगंधी कण्हेर ही वेगळी जात असल्याचे बराच काळ मानले जाई आणि जुन्या पुस्तकांत तिचे नाव ‘नेरिअम इंडिकम’ असे आढळते. आता मात्र दोन्ही एकच समजल्या जातात.

झुडूप साधारणतः दोन ते चार मीटर उंच होते. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात. पाने लांब, भाल्याच्या पात्यासारखी, जाड व चिवट असतात आणि बहुधा तीन-तीनच्या वलयात येतात. कण्हेर ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय. पान वर्षभर हिरवे राहते. पानगळीचा असा ऋतू तिला नाही.

पानाच्या वरच्या बाजूस मेणासारखा जाड थर असतो. सर्व वनस्पती पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेतात आणि त्याच छिद्रांतून त्यांच्यातील पाणी वाफ होऊन उडून जाते. कण्हेरीची ही छिद्रे पानाच्या खालच्या बाजूस, तीही उघड्यावर नसून लहान लहान खळग्यांत दडलेली असतात आणि खळग्याच्या तोंडाशी बारीक लव असते. त्यामुळे गरम वारा त्या छिद्रांना थेट भिडत नाही, खळग्यात थोडीशी दमट हवा कोंडून राहते आणि पाण्याचा व्यय कमी होतो. वाळ्याचे पडदे लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कोरड्या प्रदेशातील पानाचा नमुना म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कण्हेरीचेच पान दाखविण्याची प्रथा आहे, ती याच कारणाने.

उष्णतेशी जुळवून घेण्याची तिची शक्तीही अभ्यासली गेली आहे. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास कण्हेरीची काही रोपे दिवसा २० अंश तापमानात, तर काही ४५ अंश तापमानात वाढवून पाहिली. उष्ण हवेत वाढलेल्या रोपांनी आपल्या पेशींतील यंत्रणाच बदलून घेतली होती. थंड हवेत वाढलेल्या रोपांचे अन्न तयार करण्याचे काम ज्या तापमानाला कोलमडत असे, त्याच तापमानाला ही रोपे काम करीत होती. ज्या झाडाच्या अंगी अशी जुळवून घेण्याची क्षमता आहे, त्याने नागपूरच्या उन्हाळ्याला भिण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र तिला सोसत नाही, ती म्हणजे सावली. सावलीत कण्हेर जगते, पण उंच, किडकिडीत वाढते आणि फुले देत नाही. इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीलगत ती लावून मग ती फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्यांची संख्या बरीच आहे.

लागवड

कण्हेर फांदीपासून सहज येते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी घेऊन तिचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत. खालची पाने काढून टाकावीत, वरची दोन-तीन ठेवावीत. पावसाळ्याच्या सुरुवातीस हे तुकडे वाळू व माती यांच्या मिश्रणात लावले म्हणजे काही आठवड्यांत मुळ्या फुटतात. साध्या पाण्याच्या बाटलीतही ते मुळ्या धरतात. परंतु त्या पाण्याविषयी पुढे जे सांगितले आहे ते वाचल्याखेरीज हा प्रयोग करू नये. हे काम करताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

काळ्या जमिनीत खड्डा थोडा मोठा, दीड ते दोन फूट लांब-रुंद-खोल घ्यावा आणि तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. भरताना निघालेल्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे. रोप सभोवतालच्या जमिनीपेक्षा थोड्या उंचावर बसवावे. पूर सोसणारे झाड असले तरी काळ्या जमिनीत महिनोन्‌महिने साचलेले पाणी आणि हवेचा अभाव यांमुळे कोवळ्या रोपाची मुळे कुजतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील हलक्या, निचऱ्याच्या जमिनींत ही काळजी फारशी घ्यावी लागत नाही. किंचित खारवट किंवा चुनखडीयुक्त जमीनही कण्हेरीला चालते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. त्यानंतर तिला बव्हंशी स्वतःवर सोडून दिले तरी चालते.

कीड फारशी लागत नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसतो. पाण्याचा जोरदार फवारा मारला की पुरते. तपकिरी रंगाचे, पांढऱ्या ठिपक्यांची किनार असलेले ‘कॉमन क्रो’ हे फुलपाखरू आपली अंडी कण्हेरीवर घालते. त्याच्या अळ्या पाने खातात, त्यातील विष अंगात साठवतात आणि त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्याचा कोष आरशासारखा चकाकतो. झुडुपाचे त्यापासून कायमचे नुकसान होत नसल्याने अळ्या दिसताच औषध मारण्याची घाई करू नये.

दुभाजकावरील कामगिरी

नागपूर हे देशातील महत्त्वाच्या रस्त्यांचे नाके आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा क्रमांक ५३ येथे एकत्र येतात. त्यात नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर केल्यापासून रस्त्यालगतची आणि दुभाजकांवरील लागवड हा रस्तेबांधणीचाच एक भाग मानला जाऊ लागला आहे.

दुभाजकावरील झुडुपाकडून अपेक्षा माफक असल्या तरी त्या पुऱ्या करणे सोपे नाही. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांचा झोत अडेल एवढी उंची हवी, पण खोड जाड नको. वर्षभर पाने हवीत. टँकर आठवडाभर आला नाही तरी झाड जगावयास हवे. धूर आणि धूळ सोसावयास हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोकाट गुरे आणि शेळ्या यांनी ते खाता कामा नये. वृक्षारोपणाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना शेवटच्या अटीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. पहिल्या पाच अटी पूर्ण करणारी बरीच झुडुपे सहाव्या अटीपाशी संपतात. देशातील अनेक महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेरीच्या रांगा दिसतात, त्या मुख्यतः यामुळे. कण्हेर हवेतील विषारी वायू विलक्षण प्रमाणात शोषून घेते, म्हणून ती रस्त्यावर लावतात, असा एक संदेश मोबाईलवर फिरत असतो. पानांवर धूळ बसते आणि हवेतील थोडी धूळ कमी होते, हे खरे. पण खरे कारण इतके भव्य नाही. शेळी तिला तोंड लावीत नाही, हेच ते कारण.

हिरोशिमा शहरात १९४५ च्या अणुबॉम्बनंतर उजाड झालेल्या भूमीवर जी फुले प्रथम उमलली, त्यांत कण्हेर होती. त्या शहराने पुढे तिला आपले अधिकृत पुष्प म्हणून स्वीकारले.

नावातच इशारा

शेळी कण्हेरीला तोंड का लावीत नाही? संस्कृतात कण्हेरीला ‘करवीर’ म्हणतात. तिची दुसरी नावे ‘अश्वमारक’ आणि ‘हयमार’, म्हणजे घोड्याला मारणारी, अशी आहेत. सुश्रुताने मुळात विष असलेल्या वनस्पतींची जी गणना केली आहे, तीत अश्वमाराचा समावेश आहे. आजच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील परिशिष्ट ‘ई-१’ मध्येही आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत करवीर आहे. पूर्वजांनी हा इशारा नावातच कोरून ठेवला होता. नाव विस्मरणात गेले आणि इशाराही गेला.

कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल, बी, चीक असे सर्व भाग विषारी आहेत. ओलिअँड्रिन आणि त्या जातीची इतर द्रव्ये हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करतात. नाडी मंद व अनियमित होते, उलट्या व जुलाब होतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास हृदय थांबते. फांदी ज्या पाण्यात ठेवली असेल, ते पाणीही विषारी होते. तिची लाकडे चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर बाधतो.

जनावरे ताजे पान कडू लागल्याने सहसा खात नाहीत, हे वर आलेच आहे. परंतु याच ठिकाणी फसगत होते. कण्हेरीचे पान वाळले तरी त्यातील विष कायम राहते; कडूपणा मात्र तितकासा जाणवत नाही. छाटलेल्या फांद्या रस्त्याच्या कडेला पडून राहिल्या, चार दिवसांनी त्यांची पाने वाळली आणि कोणी गवत कापताना ती गवतासोबत भाऱ्यात बांधली गेली, की तो भारा गोठ्यात जातो. वाळलेल्या कडब्यात किंवा कुटारात मिसळलेले कण्हेरीचे पान जनावराला निवडून बाजूला टाकता येत नाही. गाईबैलांसारख्या मोठ्या जनावराच्याही जिवावर बेतावयास दहा-वीस पाने पुरेशी होतात. रात्री धडधाकट असलेली गाय सकाळी मेलेली आढळते आणि पान लागले की कोणी करणी केली, याची चर्चा गावात सुरू होते. पोटदुखी, रक्तमिश्रित पातळ शेण, गार पडलेले पाय आणि अडखळती नाडी ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे. त्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये, आणि जनावर दगावलेच तर शवविच्छेदनाशिवाय पुरू नये. कारण कळले नाही, तर उरलेला भारा दुसऱ्या दावणीत जातो.

माणसांबाबतही निष्काळजीपणा परवडणारा नाही. केरळमध्ये २०२४ साली एका तरुणीचा मृत्यू कण्हेरीची पाने चघळल्याने झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्या वर्षीच्या मे महिन्यात तेथील त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी आपल्या मंदिरांत नैवेद्य व प्रसाद यांत कण्हेरीची फुले वापरण्यास बंदी घातली. महाराष्ट्रात कण्हेरीची फुले देवाला वाहण्याची प्रथा जुनी आहे आणि फूल वाहण्यात काही गैर नाही. मात्र प्रसादाच्या ताटात ती फुले ठेवू नयेत, आणि तीर्थाच्या पाण्यात तर मुळीच टाकू नयेत.

बिट्टीचा वेगळा विचार

विदर्भातील शाळांच्या आवारात आणखी एक झुडूप आढळते, ते म्हणजे पिवळी कण्हेर अथवा बिट्टी. फुले पिवळी, घंटेच्या आकाराची. पाने अरुंद व एकाआड एक. मूळची ही मध्य अमेरिका व मेक्सिकोकडील असून नात्याने कण्हेरीच्या कुळातील, पण निराळी वनस्पती आहे. तिला हिरवी, काहीशी त्रिकोणी फळे धरतात आणि त्यांच्या आतील कठीण बिट्ट्या मुले खेळण्यासाठी गोळा करतात. पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ चालत आला आहे आणि नेमकी हीच बी त्या झाडाचा सर्वांत विषारी भाग आहे. कण्हेरीचे फूल पाहून मूल फार तर ते तोडील. बिट्टीचे फळ मात्र त्याला खाण्याजोगे वाटू शकते. त्यामुळे अंगणवाडी व प्राथमिक शाळेच्या दृष्टीने दोघींमध्ये बिट्टी अधिक धोक्याची होय. मुलाने यांपैकी काहीही खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि झाडाची एक फांदी सोबत द्यावी. डॉक्टरांचा अर्धा तास त्याने वाचतो.

याचा अर्थ जेथे जेथे कण्हेर दिसेल तेथे कुऱ्हाड चालवावी, असा नव्हे. महामार्गाचा दुभाजक, कारखान्याचे कुंपण, रेल्वेमार्गाची कडा, जेथे गुरे बांधली जात नाहीत आणि मुले खेळत नाहीत, तेथे कण्हेरीइतके उपयुक्त झुडूप दुसरे मिळणे कठीण. अंगणवाडी, प्राथमिक शाळा, पाणवठा, कोंडवाडा, गुरांचा दवाखाना आणि वैरणीची जागा येथे मात्र ती नसावी, आणि असल्यास मुळासकट काढावी. माध्यमिक शाळेत ती राहू द्यावयाची असेल, तर तिच्यापाशी नावाची पाटी लावावी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी पान हाती न देता तिची माहिती द्यावी. शाळेच्या कुंपणासाठी अडुळसा चांगला. तोही सदाहरित आहे, पांढरी फुले देतो आणि त्यालाही शेळ्या तोंड लावीत नाहीत. मेंदी आणि कोरांटी याही नागपूरच्या हवेत टिकतात. त्यांची फुले कण्हेरीइतकी डोळ्यांत भरत नाहीत, पण अंगणवाडीच्या दारात शोभेपेक्षा निर्धास्तपणा अधिक हवा.

राहिला प्रश्न छाटणीचा. पुष्कळ ठिकाणी दुभाजकांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईत केली जाते. नेमक्या त्याच सुमारास गावातील हिरवा चारा संपत आलेला असतो आणि भुकेली गुरे रस्त्यावर काय मिळेल ते हुंगत असतात. हीच छाटणी पाऊस संपताच, ऑक्टोबरमध्ये केली तर चारा मुबलक असतो, जनावरे वाळल्या पानाकडे वळत नाहीत, आणि कण्हेरीला नवी फूट येऊन ऐन उन्हाळ्यात बहर मिळतो, कारण तिची फुले नव्या फुटीच्या शेंड्यांवरच येतात. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलून, वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात मातीखाली दाबाव्यात; जाळू नयेत व रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवू नयेत. ही अट कामाच्या करारात लिहिलेली असली, तर ग्रामपंचायतीला तिच्यावर बोट ठेवता येते, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी सदस्यांनी रस्त्याच्या दोन्ही कडांनी एकदा चालून यावे.